आवाज कुठून येतो, करंट कुठे जातो : जुन्या गाडीतला दोष घरच्या घरी शोधताना

माझी वॅगन-आर २००६ची. एमएच-१५ पासिंग, पंधरा वर्षं भरल्यावर नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतलेली. एका डिसेंबरात तिला दोन दुखणी एकदम लागली. सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या सोसायटीतून बाहेर काढताना इंजिनातून टकटक यायची आणि आठ-दहा मिनिटांत विरून जायची. शिवाय सेल्फ जड फिरायचा आणि रात्री हेडलाइट पिवळट पडायचे. गॅरेजमध्ये टकटक ऐकून सांगितलं, "बेअरिंग गेलंय, इंजिन खोलावं लागेल." इलेक्ट्रिकलसाठी आधी बॅटरी नवी टाकली, मग अल्टरनेटर (चालू इंजिनात वीज तयार करून बॅटरी भरणारा भाग) एकदा बदलला, महिन्याभरात पुन्हा बदलला. दिवे पिवळे ते पिवळेच.

शेवटी आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकांना खाली बोलावलं. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांनी उभी हयात काढलेली. मी बॉनेट उघडून पाना हातात घेतला, तर म्हणाले, "तो ठेव आधी खाली. वही आण." पुढच्या तीन सकाळी आम्ही एकही बोल्ट फिरवला नाही, फक्त ऐकलं, मोजलं आणि लिहिलं. दोष निघाले ते एका गॅस्केटमध्ये (दोन भागांमधल्या पॅकिंगमध्ये) आणि एका गंजलेल्या बोल्टखाली. त्यांनी दाखवलेली आणि नंतर मी इतर गाड्यांवर वापरलेली ही पद्धत आहे. कार्ब्युरेटरच्या मारुती ८००पासून २०१०च्या आसपासच्या पेट्रोल गाड्यांपर्यंत ती सरळ लागू पडते. या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या दोष वाचणाऱ्या स्कॅनरला फारसं काही सांगत नाहीत, त्यामुळे कान आणि मीटर यांवरच भिस्त असते.

आधी सामान आणि खबरदारी

साधा डिजिटल मल्टिमीटर, बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, मीटरभर लांबीची रबरी नळी, पाण्याची स्प्रे बाटली, टॉर्च, दहा आणि बाराचा पाना, पॉलिश पेपर. एवढ्यात भागतं.

इंजिन चालू ठेवून ऐकायचं असेल तर गाडी उघड्यावर घ्या. बंद पार्किंगमध्ये किंवा शटर ओढलेल्या गाळ्यात नको. सायलेन्सरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा, चाकामागे वीट लावा. ओढणी, मफलर, सैल बाही बेल्टजवळ जाता कामा नये. हिवाळ्यात सकाळी मफलर गळ्यात असतोच, तो काढून ठेवा. रेडिएटरचा इलेक्ट्रिक फॅन कधीही आपोआप सुरू होतो, काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही.

पहिलं काम: आवाजाची वेळ पकडा

आवाज कसा आहे हे प्रत्येक जण वेगळ्या शब्दांत सांगतो, पण तो कधी येतो हे मात्र नेमकं सांगता येतं. म्हणून वहीत याच प्रश्नांची उत्तरं लिहा. थंड इंजिनवर येतो की गरम झाल्यावर? जागेवर उभ्या गाडीत रेस दिली की बदलतो का? इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतो की गाडीच्या वेगाबरोबर? क्लच दाबल्यावर काय होतं? एसी लावल्यावर? स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर?

उभ्या गाडीत रेस देऊन आवाज येत नसेल आणि रस्त्यावर येत असेल, तर बहुतेक वेळा इंजिनाचा त्यात संबंध नसतो. चाकाचं बेअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन, ड्राइव्ह शाफ्ट तिकडे पाहा. वळताना कटकट येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. क्लच दाबला की घरघर सुरू होत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग, आणि दाबल्यावर उलट थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग.

रस्त्यावर ऐकण्यासाठी भिंत हवी. सुटीच्या दिवशी अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या कंपाउंडलगत, काचा खाली करून, दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश जा. भिंतीवरून परत येणारा आवाज मोकळ्या रस्त्यापेक्षा कितीतरी स्पष्ट असतो. एका बाजूला भिंत ठेवून जा, मग वळून दुसरी बाजू भिंतीकडे ठेवून या. आवाज डावीकडचा की उजवीकडचा, तेही कळतं.

पुढचं काही ऐकण्याआधी ऑइलची डिपस्टिक बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी. ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल तर पुढचं सगळं ऐकणं तिथेच थांबवा. आधी ऑइल भरा आणि ते कुठे जातंय ते शोधा.

इंजिनाच्या पोटातले आवाज

नळीचं एक टोक कानाजवळ धरा, दुसरं टोक इंजिनावर वेगवेगळ्या जागी फिरवा. फिरणाऱ्या भागांपासून वीतभर लांब. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखीच ही नळी चालते. हवा गळण्याचे आवाज तिच्यात फार छान पकडले जातात. ठोकर ऐकायची असेल तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या स्थिर भागावर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावा.

वरून, इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरपाशी, हलकी आणि एकसारखी टिकटिक येत असेल तर ती बहुधा टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट, पिस्टन फिरवतात त्या क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन जागेवर मिनिटाला ८०० फेऱ्यांनी चालत असेल, तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा उघडतो. त्यामुळे टॅपेटची टिकटिक तुलनेने विरळ वाटते आणि खालून येणारी ठोकर दाट. ज्या गाड्यांत टॅपेट स्क्रूने सेट होतात, तिथे हे तासाभराचं काम आहे. गॅप किती ठेवायची हे त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. गॅप फार कमी ठेवून आवाज "घालवणारे" मिस्त्री असतात. आवाज जातो, पण व्हॉल्व्ह नीट बसेनासा होतो आणि जळतो. थोडी टिकटिक असलेली बरी.

खालून, ऑइल पॅनच्या उंचीवरून, जड "टक-टक" येत असेल आणि इंजिन गरम झाल्यावर ती वाढत असेल, तर मात्र गंभीर आहे. गरम ऑइल पातळ होतं आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमधली झीज उघडी पडते. खात्री करायला एकेका सिलेंडरच्या इंजेक्टरचा (पेट्रोल फवारणाऱ्या भागाचा) विजेचा जोड काढून बघायचा. ज्या सिलेंडरचं काम थांबवल्यावर ठोकर एकदम मऊ पडते, तो दोषी. स्पार्क प्लगची केबल चालू इंजिनात हाताने ओढू नका. झटका जबर बसतो आणि कॉइलवरही ताण येतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत हे काम अनुभवी हातांवर सोडा.

आता माझ्या गाडीची टकटक. ती थंडपणी यायची, गरम झाल्यावर जायची. रॉडचं बेअरिंग याच्या नेमकं उलट वागतं. एवढ्या एका नोंदीवरून इंजिन खोलण्याचा सल्ला बाद झाला. थंडपणी येऊन गरम झाल्यावर जाणाऱ्या ठोकरीचे दोन मोठे संशयित: सिलेंडरमध्ये सैल झालेला पिस्टन, किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (इंजिनातला धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या नळ्यांची) गळकी गॅस्केट. धातू तापून फुगला की दोन्हीकडली फट मिटते. मॅनिफोल्डपाशी नळी नेली आणि आवाज थेट कानात फटफटला. इंजिन गार झाल्यावर टॉर्च मारला, तर गॅस्केटच्या एका कोपऱ्यावर काजळीची काळी जीभ उमटलेली. गळणाऱ्या एक्झॉस्टची ही सही असते. गॅस्केट आणि दोन नवे स्टड, एवढ्यावर काम झालं. जुने स्टड काढताना घाई केली तर ते आत तुटतात, म्हणून आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं.

घाटातली किणकिण ही आणखी वेगळी चीज. मुंबईहून येताना कसारा घाटात चौथ्या गिअरमध्ये जोर लावला की बरणीत बारीक खडे हलवावेत तसा आवाज येतो आणि पाय उचलला की जातो. इंधन सिलेंडरमध्ये वेळेआधी, धक्क्याने जळतंय. गिअर उतरवून चढा, ताण लगेच कमी होतो. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना स्पार्क वाटणाऱ्या भागाच्या) गाडीत स्पार्कचं टायमिंग पुढे सरकलंय का, इंजिन जास्त तापतंय का, प्लग योग्य हीट रेंजचे आहेत का, आत कार्बन साचलाय का, या क्रमाने बघा. "चालतं तसं" म्हणून ही किणकिण वर्षानुवर्षं चालू ठेवली की पिस्टन जातो.

शिट्टी किंवा सूं-सूं आवाज, सोबत स्लो स्पीड (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) वरखाली होत असेल, तर इंटेकला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना) जोडलेली एखादी व्हॅक्यूमची रबरी नळी फाटली असेल. जुन्या गाड्यांत हे रबर कडक होऊन टोकाशी चिरतं. कानाला नळी लावून शोधा. कुणी पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर शिंपडून दाखवतो म्हणाला तर नको म्हणा, गरम इंजिनावर आग लागू शकते.

बेल्ट आणि त्यावर फिरणारी मंडळी

सकाळी पहिल्या स्टार्टला किंवा पावसात चिर्र-चिर्र किंचाळणं, ते बेल्टचं. इंजिन चालू ठेवून बेल्टच्या आतल्या, खाचांच्या बाजूवर लांबून थोडं पाणी फवारा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर बेल्ट झिजलाय किंवा पुली एका रेषेत नाहीत. पाण्याने उलट वाढला तर बेल्ट सैल आहे. बेल्टवर साबण, मेण, पावडर लावण्याचे उपाय टाळा.

किंचाळण्याऐवजी घरघर किंवा खरखर असेल तर बेअरिंग. इंजिन बंद करून फॅन बेल्ट उतरवा आणि अर्ध्या मिनिटासाठी इंजिन चालू करा. आवाज गेला तर दोष अल्टरनेटर, एसी, पॉवर स्टिअरिंग किंवा वॉटर पंप यांच्यात कुठेतरी आहे. इंजिन बंद करून एकेक पुली हाताने फिरवा, खरखर बोटांना जाणवते. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चालवू नका, पाणी फिरत नसतं. ज्या इंजिनांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवर फिरतो, त्यांत पंपाचा आवाज या चाचणीत जाणार नाही हेही लक्षात असू द्या. आणि टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला हे आठवत नसेल, तर ज्या दिवशी वॉटर पंपाचं काम कराल त्याच दिवशी तोही बदला.

आता वीज: आधी आकडे

इलेक्ट्रिकलमध्ये अंदाजाने पार्ट बदलण्याइतका महागडा उद्योग नाही. दोन अल्टरनेटर घालून मी तो केलेला आहे. चार आकडे मोजले असते तर दहा मिनिटांत उलगडा झाला असता.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर मीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२च्या खाली म्हणजे रिकामी. मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून मीटर बघा. सेल्फ फिरताना आकडा ९.६च्या खाली जाऊ नये. जात असेल तर बॅटरी चार्ज करून परत मोजा, तरी जात असेल तर बॅटरी गेली. नाशिकची डिसेंबर-जानेवारीतली पहाट दहा अंशांच्या खाली उतरते, निफाडकडे त्याहून खाली. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि ऑइल दाट होतं. उन्हाळाभर जेमतेम चाललेली बॅटरी म्हणूनच डिसेंबरात हात टेकते.

तिसरा आकडा इंजिन चालू करून: १३.८ ते १४.५ असावा. हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं लावून थोडी रेस दिल्यावरही १३.२च्या वर राहायला हवा. १५च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरीचं पाणी उकळेल. अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनात बॅटरीची तार काढून बघण्याची एक जुनी खोड आहे. इंजिनाचं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट असलेल्या गाडीत हे कुणालाही करू देऊ नका. व्होल्टेज क्षणात उसळी मारतं आणि युनिट जळू शकतं.

अल्टरनेटरचे डायोड (त्याच्या एसी विजेचं डीसी करणारे) बघायचे असतील तर मीटर एसी व्होल्टवर ठेवा. इंजिन चालू, दिवे लावलेले. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसत असेल तर डायोडवर संशय घ्या. रेस दिली की रेडिओत चढत जाणारी शिट्टी ऐकू येणं, हे त्याचंच दुसरं लक्षण. पण स्वस्त मीटर एसीवर ठेवले तरी डीसी दाखवतात, म्हणून आधी इंजिन बंद ठेवून तोच मीटर शून्य दाखवतो का ते पाहा.

चौथा आकडा, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा: अर्थिंगचा, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत येण्याच्या वाटेचा. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे, खुंटीवरच), दुसरं इंजिनाच्या कोऱ्या धातूवर. सेल्फ मारा. ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी असावा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग खराब. माझ्या गाडीत १.४ आला. दुसरं टोक बॉडीवर ठेवून तसंच मोजायचं, म्हणजे दोष इंजिनाच्या तारेत की बॉडीच्या हे कळतं.

खरं तर मीटरच्या आधीच गाडीने खूण दिली होती. दिवे लावले की टेंपरेचरचा काटा वर सरकायचा, बंद केले की खाली यायचा. दिव्यांनी इंजिन गरम होत नाही. काटा बदलतोय तो अर्थची पातळी हलल्यामुळे, म्हणजे अर्थिंग खराब असल्यामुळे. इंडिकेटरच्या तालावर इतर दिवे मिणमिणणं, ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा पेटणं, सेल्फ मारताना क्लच किंवा अॅक्सिलरेटरची केबल गरम लागणं, ही सगळी त्याच घरची लक्षणं. करंटला नेहमीची वाट बंद झाली की तो केबलच्या लोखंडातून वाट काढतो.

बॅटरीच्या निगेटिव्हपासून गिअरबॉक्सला जाणारी तार वरून धडधाकट दिसत होती. बोल्ट सोडला तर खाली हिरवट-पांढरी पूड. आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढला, मग तारेच्या टोकाची कडी आणि गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, बोल्ट घट्ट केला, वरून व्हॅसलीन लावलं. परत मोजलं, ०.०८. त्या रात्री हेडलाइट गाडी घेतली तेव्हासारखे पांढरे पडले. त्र्यंबक किंवा इगतपुरीच्या पावसात सतत फिरणाऱ्या गाडीचं हे काम दरवर्षी पावसाळा संपल्यावर करावं, असं मी आता सगळ्यांना सांगतो.

सेल्फ घेत नसेल तर

हेडलाइट लावून किल्ली फिरवा. दिवे एकदम मंद झाले आणि कटकटकट आवाज आला तर बॅटरी किंवा सैल टर्मिनल. एकच "कट्" आणि दिवे तसेच तेजस्वी, तर बहुधा सेल्फचे आतले कॉन्टॅक्ट. काहीच आवाज नाही आणि दिवे तेजस्वी, तर इग्निशन स्विच, रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा सेल्फकडे जाणारी बारीक तार. रिलेवर संशय असेल तर त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, बहुतेक हॉर्नचा, अदलाबदल करून बघा.

बॅटरी उभ्या गाडीत उतरत असेल तर

इंजिन बंद, किल्ली काढलेली, दारं लावलेली. मीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावून बॅटरीचा निगेटिव्ह आणि त्याची तार यांच्या मध्ये जोडा. या जोडणीत चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. वीस-तीस मिनिटं थांबा. आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवा. ५०० असेल तर दिवसाला १२ अँपिअर-अवर जातात. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन दिवसांत रिकामी. आता एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या सर्किटमध्ये गळती आहे. नव्वद टक्के शोध नंतर बसवलेल्या वस्तूंपाशी संपतो, असा माझा अनुभव आहे: म्युझिक सिस्टीम, सेंट्रल लॉक, रिव्हर्स कॅमेरा, पीळ देऊन टेप गुंडाळलेले जोड.

एकच फ्यूज वारंवार उडत असेल तर जास्त अँपिअरचा टाकू नका, वायर जळते. फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब दोन तारांनी जोडा. शॉर्ट असेपर्यंत बल्ब लख्ख पेटेल आणि करंट त्याच्यातच अडेल. मग वायरिंग जागोजागी हलवत जा: दाराच्या बिजागरीजवळचं रबर, डिकीची बिजागरी, इंजिनाजवळचे क्लॅम्प. जिथे हलवल्यावर बल्ब मंद होतो, तिथे तार सोललेली आहे. शेताच्या कडेला किंवा गोदामाजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांचे दातही तिथेच सापडतात.

हेडलाइटचे बल्ब कुणी ६०ऐवजी १०० वॅटचे टाकलेत का, तेही बघा. दोन बल्ब मिळून करंट दहा अँपिअरवरून सोळाच्या पुढे जातो आणि रिले नसेल तर तो सगळा स्टिअरिंगखालच्या स्विचमधून वाहतो. स्विचचं प्लास्टिक वितळल्याचा वास आला की उशीर झालेला असतो.

कुठे थांबायचं

ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत पेटला, खालून जड ठोकर सुरू झाली, टेंपरेचरचा काटा खरोखर वर गेला, किंवा डॅशबोर्डमधून जळका वास आला, तर घर चार किलोमीटरवर असलं तरी गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. वासाच्या वेळी बॅटरीचा निगेटिव्ह लगेच काढा, त्यासाठी दहाचा पाना डिकीत नव्हे तर पुढच्या कप्प्यात ठेवा. तिथून गाडी टो करून न्या. मिस्त्रींना "आवाज येतोय, बघा जरा" एवढंच सांगण्याऐवजी वहीतलं पान दाखवा: थंड की गरम, किती वेगाला, कुठल्या बाजूने, कोणते आकडे. माझ्या वहीत त्या डिसेंबरची तीन पानं आहेत. दर दिवाळीनंतर मी तेच चार आकडे पुन्हा मोजून त्यांच्याखाली लिहितो.